सिकंदरची जवारी

दस्तगीरचाचांनी माझ्या डब्याला कान लावला, डोळे मिटले आणि पाच सेकंदांत पुन्हा उघडले.

"ही तार न्हाई बेटी," ते म्हणाले. "ही रिक्षा हाय. स्टँडावरची."

दुकानात बसलेली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. मीही हसले, कारण दुसरा पर्याय रडण्याचा होता आणि तेवढी माझी चाचांशी ओळख नव्हती. त्या डब्यावर मी चार महिने घालवले होते.

ही गोष्ट २००८ सालची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत शिरगुप्पे साहेबांच्या कारखान्यात इंजिनीअर होते. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड आणि सहा माणसं. गाणाऱ्यांना रियाजाला जो इलेक्ट्रॉनिक तानपुरा लागतो, तो आम्ही बनवायचो. आमच्या डब्यातून सूर अगदी स्वच्छ यायचा, पण तानपुऱ्याचा झणकार काही केल्या येत नव्हता. साहेबांनी मला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. "झणकार आण, पद्मजा," ते म्हणाले होते, "नाहीतर आपण सरळ दारावरच्या घंट्या बनवू या." ते विनोदाने म्हणाले, पण कारखाना खरोखरच तेवढ्यावर आला होता.

मी काय केलं होतं ते सांगते, अवघड नाही. शुद्ध सूर यंत्राच्या पडद्यावर बघितला तर एकसारखी गोल लाट दिसते. तिचा माथा छाटला की आवाजाला धार येते. माझ्या चिपमध्ये कंपॅरेटर नावाचा एक भाग होता, त्याचं काम फक्त ताडून बघायचं. आपण एक आकडा ठरवून द्यायचा. लाट त्या आकड्यापलीकडे गेली की कंपॅरेटर इशारा देतो, आणि लाट परत येईपर्यंत चिप तिच्याऐवजी सरळ रेघ सोडते. मी लाट वरून छाटली होती आणि खालूनही तेवढीच. कॉलेजात तसंच शिकवलं होतं, आणि मला त्यात पैकीच्या पैकी मार्क होते.

चाचा मिरजेत तानपुरे बनवायचे. त्यांनी मला त्या अंधाऱ्या दुकानात भोपळ्यांच्या राशीतून वाट काढत आत नेलं. अर्धवट झालेला एक तानपुरा आडवा ठेवला होता. त्यांनी तार छेडली.

"तार कुठं टेकती?"

"घोडीवर," मी म्हणाले. घोडी म्हणजे तारांखालचा तो हाडाचा चपटा तुकडा.

"आणि वर काय हाय?"

"वर काहीच नाही."

"मग वरनं का कापलीस? खाली घोडी, वर आभाळ. तार खाली येताना घासती, वर जाताना मोकळी. तू बिचारीला दोन्हीकडनं दाबलीस. बोंबलंल न्हाईतर काय करंल?"

तेवढं ऐकून मी वहीत लिहून घेतलं आणि सांगलीच्या बसमध्ये बसून स्वतःच्या मार्कांना शिव्या दिल्या.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा तिथे जायला लागले. घोडीच्या पाठीला कानशीने इतका हलका उतार द्यायचा की तो डोळ्याला दिसत नाही, फक्त कानाला कळतो. त्यालाच जवारी म्हणतात, हे मी तिथे शिकले. प्रत्येक कारागिराची जवारी निराळी असते. चाचा रस्त्यावरून जाताना कोणाच्या घरातून तानपुरा ऐकू आला तर थांबून सांगायचे, ही अमक्याची, ही तमक्याची, आणि हे गाढव कोण ते माहीत नाही.

भिंतीवर उंच खुंटीला हिरव्या गवसणीत एक तानपुरा टांगलेला होता. गवसणीच्या नाड्यांना एवढ्या गाठी होत्या की सोडायला तास लागला असता. मी एकदा नुसतं बोट दाखवलं.

"तो?"

चाचा काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "त्याला हात लावायचा न्हाई."

त्या जैनबचाची, चाचांची बायको. ठेंगण्या, कामसू, अंगावर कायम फिकी साडी. माझ्यावर त्यांचा जीव होता. मी गेले की त्या चहा आणायच्या, आणि दुकानात माणसं कितीही असोत, एक कप जास्तीचा असायचा. तो त्या हिरव्या तानपुऱ्याखाली ठेवायच्या आणि गार झाला की मुकाट्याने उचलून न्यायच्या. मी तीन आठवडे ते बघितलं आणि चौथ्या आठवड्यात, त्या आत असताना, चाचांना विचारलं.

"सिकंदरचा," चाचा म्हणाले. ते घोडी घासत होते, घासतच राहिले. "थोरला माजा. २००५ च्या पुरात नाव घेऊन गेला, घाटाकडच्या गोठ्यातल्या म्हशी सोडायला. म्हशी पोहून आल्या. नाव बी आली."

"आणि...?"

"सापडलाच न्हाई. सापडला न्हाई म्हणून ही रडली न्हाई. दफन न्हाई, काय न्हाई. चहा ठेवती."

मग त्यांनी त्यांच्या घरची रीत सांगितली. घरातला कारागीर गेला की त्याच्या हातच्या जवारीवर कुणी कानस ठेवायची नाही, आणि तिची नक्कलही करायची नाही. ते वाद्य रोज वाजवायचं. तार घोडीला घासत राहते, जवारी हळूहळू झिजते, वर्ष-दीड वर्षात तो आवाज निघून जातो. मग दुसऱ्याने आपल्या हाताने नवी काढायची. "माज्या बापाची मी दीड साल वाजवली," चाचा म्हणाले. "पयलं पयलं रडत वाजवायचो. मग नुसतंच वाजवायला लागलो. एक दिवस बघतो तर आवाज गेलेला."

"आणि सिकंदरची?"

"ही वाजवू देत न्हाई. झिजंल म्हणती."

मला तेव्हा खरोखर वाईट वाटलं. पण मनात दुसरंही काही चाललं होतं, ते लपवत नाही. दस्तगीरचाचा ज्याच्या हाताबद्दल आवाज खाली करून बोलत होते, तो हात मला ऐकायचा होता. मी पुढचे दहा-बारा दिवस त्यांच्या मागे लागले. शेवटी बापाचा अभिमान हो म्हणाला. दर गुरुवारी दुपारी चाची दर्ग्याला जात. एका गुरुवारी त्या कोपऱ्यावर वळल्या आणि चाचांनी स्टुलावर चढून तानपुरा खाली घेतला. गाठी त्यांनी दातांनी सोडल्या.

"चार डाव," ते म्हणाले. "पाचवा न्हाई."

मी मायक्रोफोन लावला, लॅपटॉप उघडला. त्यांनी तारा मिळवल्या आणि एकेक करून चारी छेडल्या.

तार छेडली की लगेच झणकार येतो, असंच मी आजवर ऐकलं होतं. इथे आधी नुसता साधा सूर आला, पाव सेकंद अगदी कोरा. मला वाटलं, तीन वर्षांत बिघडला असेल. आणि मग त्या सुरातून झणकार उठला, जणू कोणी आधी घसा साफ करून मग बोलायला लागलं. 

"उशिरा उघडती," चाचा भिंतीकडे बघत म्हणाले. "डावखुरा हुता. कानस उलटी चालायची त्याची. लई शिव्या दिल्या मी त्यावरनं."

आम्ही गाठी होत्या तशा परत मारल्या. चाची आल्या, त्यांनी चहा ठेवला, त्यांना काही कळलं नाही.

पुढचे तीन आठवडे मी शेडमध्ये त्या चार सुरांशी झगडत होते. फक्त खालची बाजू छाटून तानपुरा तर झाला, पण सिकंदर होईना. मग लक्षात आलं की आकडा एका जागी ठेवून चालणार नाही, तो सरकवला पाहिजे. सुरुवातीला लाटेचं टोक जेमतेम शिवलं जाईल असा वीसचा आकडा, आणि पाव सेकंदात तो चढत चढत एकसष्टपर्यंत. बासष्टला कर्कश व्हायचं, साठला बोथट. एकसष्ट लिहून बटण दाबलं आणि तोच झणकार, तसाच उशिरा, माझ्या टेबलावर उठला. मी उभी राहिले. आयुष्यात मी त्याआधी आणि त्यानंतर इतकं चांगलं काही केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डबा घेऊन मी मिरजेला पोचले. चाचा एकटेच होते. मी बटण दाबलं.

चाचांच्या हातातली कानस थांबली. डबा वाजत राहिला, एक फेरा, दोन फेरे. तेवढ्यात आतला पडदा बाजूला झाला आणि जैनबचाची बाहेर आल्या. कणीक मळता मळता उठल्या असाव्यात, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे.

"आला?" त्या म्हणाल्या.

चाचांनी खांद्यावरचा टॉवेल काढून डब्यावर टाकला आणि टॉवेलाखाली हात घालून बटण बंद केलं. ते मी बघितलं. चाचींनी नाही बघितलं, त्या भिंतीकडे बघत होत्या. तानपुरा जागच्या जागी होता, गाठीसुद्धा.

"कोण वाजवत हुतं?"

"कोण न्हाई. आत जा, कणीक वाळंल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या. तो जास्तीचा कप त्यांनी तानपुऱ्याखाली ठेवला नाही, दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवला, बाहेरच्या बाजूला. मग गल्लीत दोन्हीकडे बघून आत गेल्या.

"त्याचाच हात हाय," चाचा म्हणाले. "मी फसलो असतो. बेटी, हे आकडे पुसून टाक."

"चाचा, पण..."

"घरची रीत हाय. दुसरे आकडे घाल, माज्या हाताचे घाल, पायजे तितक्या डाव छेडून देतो. हे पूस. शपथ घे."

मी शपथ घेतली. घेताना ती खरीच होती.

चाचांच्या हाताची जवारी मी आठ दिवसांत बसवली. ती बरी होती. कोणाही गवयाने ती आनंदाने विकत घेतली असती. पण एका सकाळी शिरगुप्पे साहेब टेबलापाशी आले, तेव्हा संगणकात दोन्ही होत्या, आणि मी त्यांना दोन्ही ऐकवल्या. का ऐकवल्या? मला शाबासकी हवी होती. साहेबांनी सिकंदरचा सूर तीनदा वाजवायला लावला, मग चष्मा काढून डोळे पुसले. "हाच," ते म्हणाले. मी तेव्हा म्हणू शकले असते की ह्यात दोष आहे, चिप तापते, काहीही. साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हणाले, "बरं." पाचशे चिपांमध्ये मी स्वतःच्या हाताने वीस आणि एकसष्ट भरले. माल पुण्याला जाईल, बेळगाव-धारवाडला जाईल, मिरजेत कोण घेतंय, अशी मी मनाची समजूत घातली. ज्या गावात घरटी एक गाणारा आहे, त्या गावाबद्दल मी हे म्हणत होते!

मिरजेला जाणं मी बंद केलं. काम फार आहे, असा निरोप पाठवला.

फेब्रुवारीत एका दुपारी चाचा शेडच्या दारात येऊन उभे राहिले. एवढ्या लांब ते कधी आले नव्हते. मी स्टूल दिलं, पाणी दिलं. ते पाणी प्यायले, त्यांनी टोपी नीट केली. ते ओरडतील म्हणून मी अंग आक्रसून बसले होते, पण ते ओरडले नाहीत.

"किती केलेस?"

"पाचशे."

"हं."

"चाचा, माझं चुकलं. मी..."

"आधी ऐक. ती बाजाराला चालली हुती. ब्राह्मणपुरीत कोण बाई गाणं शिकवती, तिच्या माडीवरनं आवाज आला. ही जिना चढून वर. त्या बाईनं दार वाजल्यालं ऐकलं, डबा बंद केला आणि दार उघडलं. हिनं विचारलं, सिकंदर कुठं हाय? बाई भली, पाणी देऊन खाली पोचवली. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळात. मग वकिलाच्या घरात. आता रोज जाती. सकाळी भाकऱ्या टाकती आणि जाती, गल्ली गल्ली ऐकत."

"तुम्ही सांगितलं नाही, डबा आहे म्हणून?"

"सांगितलं. मला म्हणती, त्या दिवशी बी तू खोटंच बोललास."

 मग त्यांचा आवाज एकदम फाटला. "ती काय म्हणती ठावं हाय तुला? म्हणती, पोरगं हाय. ह्याच गावात हाय. पण मी दार वाजवलं की थांबतंय. माज्यावर रागावलंय, म्हणती. मीच त्याला म्हशींसाठी पाठवलं हुतं ना, म्हणून माजा आवाज आला की गप्प बसतंय."

मला हे माहीत नव्हतं, की चाचींनी पाठवलं होतं. मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

"जवारी झिजती बेटी," चाचा म्हणाले. "माणूस जायला वाट लागती. तुज्या डब्यात वाट न्हाई."

मी साहेबांना अर्ध्या दिवसाची रजा मागितली, डबा आणि लॅपटॉप घेतला आणि त्यांच्याबरोबर बसमध्ये बसले. 

चाची नुकत्याच परतल्या होत्या. पाय धुळीने माखलेले, चपलेचा अंगठा तुटलेला. मला बघून त्यांना आनंद झाला, ते मला सहन होईना.

"पद्मजा, तू खरं सांग," त्या माझा हात धरून म्हणाल्या. "तुज्याकडं येतो ना त्यो? तुज्यावर तर राग न्हाई त्याचा."

"चाची, तो नाही येत," मी म्हणाले. "मी करते तो आवाज. बघा."

मी डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि बटण दाबलं. त्या दचकून उठल्या, दाराकडे निघाल्या. मी त्यांना धरून खाली बसवलं आणि डबा बंद केला नाही. लॅपटॉपवर लाट दाखवली, खालून छाटलेली. "हा आकडा बघा. एकसष्ट. हा मी लिहिलाय." एकसष्टचे पन्नास केले. आवाज बोथट झाला. चाळीस केले, तीस केले. सिकंदर त्या आवाजातून निघून गेला आणि नुसता गुळगुळीत सूर राहिला. चाचींनी डब्यावर तळहात ठेवला.

"परत आण," त्या म्हणाल्या.

मी एकसष्ट लिहिलं. तो परत आला.

"आता काढ."

मी काढला.

"आण."

किती वेळा ते आठवत नाही. चाचा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, तोंडावर टॉवेल धरून. प्रत्येक वेळी मी आकडा बदलत होते आणि एक आई डब्यावर हात ठेवून बघत होती की तिचा मुलगा मी कसा आणते आणि कसा नेते. शेवटी त्यांनी हात उचलला.

"म्हंजे दार वाजवलं की माणसं ह्याला बंद करत हुती."

"हो."

"त्यो गप्प बसत नव्हता."

"नाही चाची. तो नव्हताच तिथे."

त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि मग त्या रडल्या. तीन वर्षं थांबलेलं रडणं मी तोवर ऐकलं नव्हतं. शेजारच्या दुकानांतली माणसं धावत आली आणि दारातच उभी राहिली. बऱ्याच वेळाने पदराने तोंड पुसून त्या चाचांना म्हणाल्या, "त्यो खाली काढ. वाजव."

चाचांनी स्टूल घेतलं. ह्या वेळी त्यांनी गाठी कात्रीने कापल्या.

उरलेल्या चिपांमध्ये मी चाचांच्या हाताचे आकडे भरले, पण तोवर तीनशेदहा डबे गावोगाव गेले होते, ते परत येणं शक्य नव्हतं. मिरजेत विकलेले पाच मी घरोघरी जाऊन बदलून दिले. चाचा दुकानात रोज संध्याकाळी तो तानपुरा वाजवायचे आणि चाची जवळ बसायच्या. दीड वर्षाने चाचांनी मला बोलावून घेतलं आणि चारी तारा छेडून दाखवल्या. झणकार नव्हता, काहीच नव्हतं. चाची आतून चहा घेऊन आल्या. तीन माणसं होतो, तीनच कप होते.

ते दोघेही आता नाहीत. मी ते काम सोडलं, पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. गेल्या मार्चमध्ये तोंडी परीक्षा घ्यायला गडहिंग्लजला गेले होते. दुपारी जेवून बाजारपेठेतून परत येत होते, तर एका माडीवरून तानपुरा ऐकू आला. आधी कोरा सूर, पाव सेकंद. मग झणकार.

सोळा वर्षांत त्यात केसभर फरक पडला नव्हता.

मी जिना चढून वर गेले. दार बंद होतं. आत कोणी लहान मुलगी सा लावत होती आणि तिच्यामागे तो वाजत होता. घरातल्या माणसांना समजावून सांगावं, डबा मागून घ्यावा, दुसरा पाठवून द्यावा, असं ठरवूनच मी कडीला हात घातला होता.

मी कडी वाजवली नाही. वाजवली असती तर तो थांबला असता. मी पायरीवर बसले आणि त्या मुलीचा रियाज संपेपर्यंत बसून राहिले.